दिवे मी बसवणार

हैबतरावांचा आयुष्यभराचा एक नियम होता. दुसऱ्याने आवळलेला नट हा आवळलेला नसतोच. धाटावच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्स खात्यात त्यांनी उभी नोकरी याच नियमावर काढली, आणि खरं सांगायचं तर कंपनीचा त्यात फायदाच झाला. रात्रपाळीचा फिटर पंप दुरुस्त करून गेला की सकाळी हैबतराव पाना घेऊन हजर. सगळे नट पुन्हा तपासायचे आणि एखादा ढिला निघालाच तर अख्ख्या खात्याला दिवसभर ऐकवायचे. पंचाईत अशी झाली की निवृत्त होऊन निडी गावी घरी बसल्यावर तोच पाना त्यांनी माणसांना लावायला घेतला. दूधवाल्याच्या मापापासून जावयाच्या गोड बोलण्यापर्यंत सगळं त्यांना कुठेतरी ढिलं वाटायचं. त्यांची बायको हौसा म्हणायची, "अवो, लग्नात मी घातलेली माळ तरी धरून हाय का, एकदा बघून घ्या."

असा हा माणूस जन्मात पहिल्यांदा एखाद्या वस्तूवर भाळला, आणि ती वस्तू निघाली नेमकी दुसऱ्याने अर्धवट सोडलेली.

ते झालं असं. घरच्या गणपतीची मूर्ती सांगायला हैबतराव पेणजवळ जित्याला जगनच्या कारखान्यात गेले होते. पेणच्या आसपास गणपतीच्या शेडना कारखानाच म्हणतात. जगनच्या हातच्या डोळ्यांचं नाव होतं. मूर्ती कुणीही ओतावी, कुणीही रंगवावी, पण डोळ्यांची आखणी जगनने करावी, असं गिऱ्हाईक बजावून सांगायचं. मखरात बसेल का म्हणून एका मूर्तीचं माप घ्यायला हैबतराव शेडच्या मागे गेले, तर तिथे निळ्या ताडपत्रीखालून एक नाक बाहेर आलेलं दिसलं. लांब, बुटकं, जमिनीला लागू पाहणारं. त्यांनी ताडपत्री उचलली.

खाली मोटार होती. दोन माणसांची, टप नसलेली, फायबरची. जगन पूर्वी चित्ररथांसाठी फायबरचे हत्ती आणि मोर करायचा. त्याच हाताने त्याने आधी मातीची गाडी घडवली होती, तिच्यावरून साचा काढला होता आणि साच्यातून ही काया. खाली पाइपांची चॅसी, सीटांच्या पाठीमागे भंगारातल्या गाडीचं इंजिन. दारं नव्हती, वायरिंग नव्हतं, रंग नव्हता. पण अंगाचा बाक असा सुरेख होता की हैबतराव मखर विसरले.

"स्पोर्ट कार हाय ती," मागून आवाज आला. जगन उभा होता. किडकिडीत माणूस, साठीला टेकलेला, दोन्ही हात पँटच्या खिशात. "मी करत होतो. आता नाय करत."

"का?"

"नाय करत," जगन म्हणाला. मग जरा थांबून, "तुमी कंपनीतले फिटर ना? न्या तुमी. पुरी करा."

"काय घ्याल?"

"काय नको. फकत एक गोष्ट. दिवे मी बसवनार. सगल्यात शेवटी. तवर नाकाला कोनी हात लावायचा नाय."

हैबतरावांच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. फुकट! या जगात फुकट मिळणाऱ्या गोष्टींची त्यांची यादी फार छोटी होती, आणि तिच्यात मोटार बसत नव्हती. पण बाक काही डोळ्यांसमोरून हलेना. जन्मभर त्यांनी कंपनीची यंत्रं सांभाळली. मालकाची, परदेशातून आलेली, कुणाकुणाची. त्यातलं एकही त्यांचं नव्हतं. जाता जाता हाताखालून एक तरी यंत्र असं निघावं की लोकांनी म्हणावं, हे हैबतरावांचं. ही एवढीच हौस त्यांच्या मनात राहून गेली होती, आणि ती त्यांनी हौसालासुद्धा सांगितली नव्हती. ते जगनला 'बरं' म्हणाले.

गणपती गेले, आणि जगनने गाडी टेंपोत चढवून दिली. टेंपोवाला विशाल वर्षभर मूर्तीच वाहणारा. त्याने गाडीच्या चारही बाजूंना पेंढा ठासला, नाकाला जुनी गोधडी गुंडाळली आणि दोर लावण्याआधी सवयीने नमस्कारही केला. हैबतराव त्याच्या शेजारी बसून वाटभर मागे वळून बघत होते. वाटेत गडब गावात चहाला थांबले तेव्हा तिथल्या रस्त्याकडेच्या दुकानातला गोविंदा पेंटर येऊन पेंढ्यातून डोकावला. हैबतरावांची त्याची जुनी ओळख.

"जगनची गाडी तुमाला कशी गावली?" गोविंदाने विचारलं.

"माझी हाय आता. दिलीन त्याने."

"आन् दिवे?"

"ते तोच बसवणार म्हणतो."

गोविंदा हसला. "मंग तुमची कशी? पेणात मूर्ती कोनी घडवली ते कोन विचारतो? डोले आखतो त्याची मूर्ती. नाव त्याचा."

गोविंदाने गंमत केली होती. चहा पिऊन तो आपल्या कामाला लागलाही. पण हैबतरावांनी ते वाक्य गडबपासून नागोठण्यापर्यंत आणि तिथून निडीपर्यंत चघळलं. घर येईस्तोवर त्यांच्या हिशेबी सगळं स्वच्छ झालं होतं. आपण राबायचं, घाम गाळायचा, आणि शेवटच्या दिवशी त्या माणसाने खिशातले हात काढून दोन दिवे चिकटवायचे. झाली गाडी जगनची. फुकट देण्याचं कोडं सुटलं, म्हणून त्यांना जरा बरंसुद्धा वाटलं.

घरामागच्या पडवीत गाडी उतरली. हैबतरावांनी पहिलं काम काय केलं असेल? जगनने आवळलेला एकेक नट सोडला. चॅसीचे, इंजिनाच्या बैठकीचे, स्टिअरिंगचे, झाडून सगळे. दिवाळी त्यातच गेली. एकही नट ढिला निघाला नाही. वेल्डिंग हातोडीने ठोकून पाहिलं, ते पक्कं. चॅसी दोरी लावून मापली, ती सरळ. दुसरा कुणी असता तर देणाऱ्याला दुवा देता. हैबतराव मात्र पडवीतच बसून कपाळाला आठ्या घालत राहिले.

"काय खोट निघाली?" हौसाने विचारलं.

"काहीच नाय."

"मंग तोंड का असा?"

"तेच तर. एवढं पक्कं काम करणारा माणूस ते अर्ध्यावर सोडेल कशाला? कुठेतरी पाणी मुरतंय."

"पक्का निघाला तरी तुमाला पंचाईत," हौसा म्हणाली आणि वालाच्या शेंगा सोलायला निघून गेली.

जगन अधूनमधून यायचा. मुलगी मनस्वी त्याला स्कूटरवर घेऊन यायची. पंचविशीतली चुणचुणीत पोर, मोजकं बोलणारी. कारखान्याचं आता तीच बघते, असं विशालकडून कळलं होतं. जगन गाडीभोवती फिरायचा, वाकून बघायचा, मान डोलवायचा. हात खिशात. हैबतराव मुद्दाम पाना पुढे करायचे. "हा घ्या, जरा हा बोल्ट धरा." जगन म्हणायचा, "तुमीच करा. तुमचा हात चांगला हाय." चहा आणला की हमखास "आत्ताच झाला." जित्याहून निडीला येईपर्यंत दर वेळी आत्ताच चहा कसा होतो, हे हैबतरावांना कळेना. आपल्या घरचा चहासुद्धा चालत नाही म्हणजे माणसाच्या मनात काहीतरी आहे. मिंधेपणा नको असेल, दुसरं काय. उद्या भांडायची वेळ आली तर खाल्ल्या-प्याल्याची अडचण नको.

भर म्हणून मनस्वी दर खेपेला मोबाइलवर गाडीचे फोटो काढायची.

"फोटो कशाला गो?" हैबतरावांनी एकदा विचारलं.

"बाबांना घरी बघायला," ती म्हणाली. "संध्याकाळी बघत बसतात."

बघत बसतात की दाखवत फिरतात, हे हैबतराव मनात म्हणाले. उघड म्हणाले नाहीत, कारण हौसा तिथेच उभी होती.

थंडी सरत आली तशी गाडीला दारं लागली, वायरिंग झालं, इंजिन पहिल्यांदा खोकलं आणि मग नीट बोलू लागलं. त्या दिवशी हैबतरावांनी पडवीत एकट्यानेच टाळी वाजवली. रस्त्यावर तर ती जाणार नव्हती, घरी केलेल्या गाडीला आरटीओ उभं करत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण गावाबाहेर होळीचा माळ होता, सपाट आणि टणक. होळीची राख उडून गेली की पाडव्याला तिथे गाडी फिरवायची, असं त्यांनी ठरवलं. सगळ्या गावादेखत. गोविंदा येऊन रंग मारून गेला, पिकल्या करवंदासारखा काळाजांभळा. आता राहिलं होतं ते फक्त नाक.

आणि नाकाने त्यांची झोप उडवली होती. पुढचा भाग आतून पोकळ, इंजिन तर मागे. वरच्या बाजूला एक झाकण होतं, पण ते फायबरचा पातळ पत्रा लावून जगनने बंद करून टाकलं होतं. दिव्यांच्या भोकांवरही तसाच पत्रा. हैबतराव बोटाने वाजवून बघायचे. आत काहीतरी हलायचं, लोखंडी. काय दडवलंय? 'नाकाला हात लावायचा नाय' असं उगाच कुणी म्हणत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर बंद झाकणं उघडली त्याला असं सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगण्यासारखं होतं. तरी शब्द दिला होता म्हणून ते थांबले. थांबले, पण एक दिवस मोटारसायकलला किक मारून न कळवता जित्याला गेले. माणूस खरा कसा आहे ते तो बेसावध असताना बघावं, हा त्यांचा कंपनीतला दुसरा नियम.

कारखान्यात मूर्ती ओळीने उभ्या होत्या, रंगलेल्या काही, काही कोऱ्या. मनस्वी मांडी घालून बसली होती. डाव्या हातात टेकूची काठी, तिच्यावर उजवं मनगट, आणि बारीक ब्रशने ती एका मूर्तीचा डोळा आखत होती. श्वाससुद्धा जपून घेत होती. आणि जगन? जगन कोपऱ्यात खुर्चीवर बसून भिंतीकडे बघत होता. हात मांडीवरच्या टॉवेलखाली. काम नाही, धाम नाही. वर दारावर पाटी त्याचीच: जगन आर्ट्स.

हैबतराव दारातूनच मागे फिरले. त्यांना हवं ते दिसलं होतं. तर हे असं आहे! डोळे पोरगी आखते आणि नाव ह्याचं. गिऱ्हाईक 'जगनच्या हातचे डोळे' म्हणून मूर्ती नेतं आणि हा बसून राहतो. जो पोटच्या पोरीचं काम स्वतःच्या नावावर खपवतो तो हैबतरावांचं सोडेल? परतीच्या वाटेवर त्यांचा राग इतका वाढला की गडबला गोविंदाने हात केला तोही त्यांना दिसला नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी रोह्याच्या बाजारातून नवेकोरे दोन दिवे आणले आणि भर दुपारी वरचा पत्रा कापून नाकाचं झाकण उघडलं.

आत सोनंनाणं नव्हतं, चोरीचा मालही नव्हता. हैबतराव जरा हिरमुसलेच. दोन्ही दिव्यांसाठी आत पक्क्या बैठका केलेल्या होत्या, त्यांना बोल्ट जोडलेले, आणि बोल्टांवर सैल फिरवून ठेवलेले नट. तेच खुळखुळत होते. पण कसले नट! प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या वेल्ड केलेल्या, तळहातात मावतील एवढाल्या, पान्याशिवाय हातानेच फिरवायच्या. झाकणाचं भोकही गरजेपेक्षा मोठं, कोपरापर्यंत दोन्ही हात जावेत असं. आणि मध्ये आडवी एक लाकडी फळी, वर स्पंज चिकटवलेला. दिव्याला फळी कशाला?

"बघ," त्यांनी हौसाला हाक मारून दाखवलं. "म्हणून झाकून ठेवलं होतं. बाकी गाडी पक्की केली आणि इथे असलं कच्चं काम! हाताने आवळलेला नट धक्क्याला राहतो होय? माळावर पहिल्या खड्ड्यात दिवे खाली."

हौसाने फळीवरून हात फिरवला. "स्पंज कशाला लावलाय?"

"मला काय ठाऊक. त्यालाच विचार."

"तुमीच विचारा की. फोन हाय ना?"

विचारायचं हैबतरावांच्या स्वभावात नव्हतं. विचारलं की माणूस खोटं सांगतो, असं त्यांचं मत. त्यांनी फळी उपसली. पट्ट्यांचे नट काढून रिकाम्या बिस्किटांच्या डब्यात टाकले, कारण लोखंड ते कधी फेकत नसत. नव्या दिव्यांना नीट वॉशर घातले, साधे नट लावले आणि पान्याने असे आवळले की पुन्हा कुणाच्या बापाला सुटू नयेत. मग पुढे येऊन उभे राहिले. गाडीला नजर आली होती. ती आता त्यांच्याकडे बघत होती, आणि ती त्यांची होती.

पाडव्याला सकाळी दारी गुढी उभी राहिली. गाडी अंगणात आणून पुसून ठेवली होती. शेजारपाजारचे आले, विशाल आला, गडबहून गोविंदाही आला. हैबतराव इस्त्रीच्या शर्टात फिरत होते, आणि त्यांचं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं. आज जगन काय तोंड करतो ते त्यांना बघायचं होतं. भांडला तर काय बोलायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

स्कूटर आली. मागे बसलेल्या जगनने नवा सदरा घातला होता आणि एक कापडी पिशवी छातीशी घट्ट धरली होती. तो उतरला, हसत पुढे आला, आणि त्याला दिवे दिसले.

तो थांबला. हसू लगेच गेलं नाही, जरा वेळ तसंच राहिलं आणि मग गेलं. हैबतराव छाती काढून उभे होते, भांडणाच्या तयारीत.

"बसवलेत?" जगनने विचारलं.

"व्हय. बसवले."

"चांगले बसलेत," जगन म्हणाला. "सरल हायत." तो जाऊन खुर्चीवर बसला आणि हातातली पिशवी त्याने खुर्चीखाली सरकवली, पायाने आणखी आत लोटली. मग हात खिशात घातले.

ठरवलेली वाक्यं हैबतरावांच्या कामाची राहिली नाहीत. भांडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते त्यांना येत होतं. हे त्यांना येत नव्हतं.

मनस्वीने नाकाचं झाकण उचलून आत बघितलं आणि फटकन बंद केलं. ती सरळ हैबतरावांसमोर आली. "काका, जरा मागे या."

पडवीत हौसा पुरणाचं बघत होती. मनस्वी तिच्यासमोरच बोलली. "आतले नट कुठे आहेत? आणि फळी?"

"काढली. ते काम कच्चं होतं पोरी. असले नट तिथं कोण लावतो?"

"ज्याचा हात थरथरतो तो लावतो," मनस्वी म्हणाली.

 मनस्वीचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरून आले होते. "बाबांचा उजवा हात थांबत नाही. औषध चालू आहे, उपयोग नाही. आधी लपवायचे. मग एका मूर्तीचा डोळा बिघडला, आणि ब्रश मी काढून घेतला त्यांच्या हातातून. मीच. गिऱ्हाईक समोर होतं. त्या दिवसापासून त्यांनी कारखान्यात कशाला हात लावला नाही. गाडीसुद्धा सोडली."

"मग दिवे..."

"दिव्याला ब्रश लागत नाही ना. ते नट त्यांनी मापं सांगून वेल्डरकडून करून घेतले, मूठ धरून फिरवता येतील असे. फळी कोपर टेकायला. बाकी गाडी दुसऱ्याने पुरी करू दे म्हणाले, पण डोळे मी बसवेन, तेवढं मला अजून जमेल. घरी पाटावर बोल्ट ठोकून घेतलेत. रोज संध्याकाळी दिवे बसवतात, काढतात, पुन्हा बसवतात. त्या पिशवीत तेच दिवे आहेत."

"झाकून कशाला ठेवलं होतं?" हैबतरावांनी विचारलं, पण आता त्यात जोर नव्हता.

"तुम्ही विचारलं असतंत असे नट कशाला, तर काय सांगणार होते?"

हौसाने कपाळावर हात मारला. "म्हणून चहा नाय घेत गो! सांडंल म्हणून!" मग ती नवऱ्याकडे वळली. नुसती बघत राहिली, आणि ते जास्त लागलं.

हैबतराव पडवीच्या खांबाला धरून उभे राहिले. खिशातले हात, टॉवेलखालचे हात, 'तुमीच करा', आत्ताच झालेला चहा, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं कधीपासून. सगळं त्यांनी टिपलं होतं, आणि एकूणएक चुकीचं लावलं होतं. त्यांना लाज वाटली. इतकी की अंगणात परत जाऊच नये, मागच्या मागे निघून जावं असं वाटलं. एका माणसाकडे हाताने करण्याजोगं एकच काम उरलं होतं, आणि ते त्यांनी पान्याने आवळून बंद करून टाकलं होतं.

मग त्यांनी मांडणीवरचा बिस्किटांचा डबा काढला.

अंगणात गोविंदा म्हणत होता, "चला की, मुहूर्त टलतोय." हैबतराव पाना घेऊन गाडीपुढे आले आणि मोठ्याने म्हणाले, "गाडी निघत नाय. दिवे काढायला लागतील. नीट बसले नायत."

"कोनी बसवले?" गोविंदाने विचारलं.

"मी. माझं काम चुकलं."

ज्यांनी त्यांच्याबरोबर कंपनीत दिवस काढले ते तिथे असते तर त्यांनी कानात बोटं फिरवून पुन्हा ऐकलं असतं. जगनने खुर्चीवरून मान वर केली. "मंगाशी तर बरोबर वाटले."

"वरून वाटतात. आतून ढिले हायत." एवढं खोटं हैबतराव जन्मात बोलले नव्हते. साधे नट त्यांनीच आवळलेले, सुटता सुटेनात. घाम गाळून त्यांनी ते सोडवले, नवे दिवे बाजूला ठेवले, स्पंजची फळी जागेवर बसवली आणि पट्ट्यांचे नट एकेक करून तिच्यावर मांडले. मग जगनसमोर जाऊन उभे राहिले. "जगनभाऊ, आपलं ठरलं होतं. दिवे तुमी बसवणार."

जगनने फळीवरचे नट बघितले. मग मनस्वीकडे बघितलं. तिने मान खाली घातली. त्याला सगळं कळलं, हे हैबतरावांनाही कळलं. तो उठेल की निघून जाईल, याचा अंदाज येईना. 

जगन वाकला. खुर्चीखालची पिशवी ओढायला त्याने हात बाहेर काढला, आणि तो हात वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता. अंगणातले सगळे तिकडेच बघू लागले. तेवढ्यात हौसाने दारातून खणखणीत हाक दिली, "चला रे सगळे आत! लिंबाची चटनी घेतल्याबिगर जायचा नाय कोनी! गोविंदा, तू पयला!" आणि तिने सगळ्यांना कोंबड्या हाकलाव्यात तसं घरात घातलं.

बाहेर तिघंच राहिले. मनस्वी वडिलांना पिशवी द्यायला पुढे झाली, तर जगन म्हणाला, "ऱ्हाऊ दे." हैबतरावांनी गाडीकडे पाठ केली आणि ते गुढीकडे तोंड करून उभे राहिले. हा माणूस जन्मभर दुसऱ्याच्या कामावर डोळे रोखून उभा राहिलेला. आज त्यांनी बघितलं नाही. मागून दिव्याची कड फायबरला घासल्याचा आवाज आला. मग पुन्हा. काहीतरी पडलं, जगन स्वतःशीच काही पुटपुटला. मग नट फिरू लागल्याचा आवाज, थांबत थांबत. गुढीचं कापड हलायचं आणि स्थिर व्हायचं. फार वेळ लागला.

"झाला," जगन म्हणाला.

हैबतराव वळले. मघाच्या नव्या दिव्यांपेक्षा हे दिवे लहान होते, जुन्या मोटारसायकलचे, भोवती जगनने फायबरची पापणी केलेली. गाडी किंचित झोपेतून उठल्यासारखी, मायेने बघत होती. जगन घामाने निथळला होता आणि हात पुसत होता, टॉवेलखाली न लपवता. मनस्वी एकदम पुढे आली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. "बस गो," तो म्हणाला. "आखनी झाली. आता पानी नको."

हौसा अर्धा पेला चहा घेऊन आली आणि तो जगनसमोर धरला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि प्यायला.

मग सवयीने जे व्हायचं तेच झालं. हैबतरावांचा हात खिशात गेला आणि पाना घेऊन बाहेर आला. दुसऱ्याने आवळलेले नट! ते नाकाच्या झाकणापर्यंत गेलेही. हौसा बघत होती, मनस्वी बघत होती, आणि जगन त्या पान्याकडे बघत होता. हैबतराव थांबले. त्यांनी पाना हौसाच्या हातात दिला. "हा आत ठेव गो."

होळीच्या माळावर सगळा गाव उभा होता. जगन शेजारच्या सीटवर, दोन्ही हात मांडीवर उघडे. गाडी सुटली, वाऱ्याने जगनचे केस उडाले, पोरं ओरडत मागे धावली. पहिल्या चकरेत गोविंदाचा आवाज कानावर आला, "जगनची गाडी! बघा, जगनची गाडी!" हैबतरावांना वाटलं होतं की हे ऐकून आतून काहीतरी तुटेल. तसं काही झालं नाही.

दुसऱ्या चकरेत चाक एका खळग्यातून गेलं आणि पुढून बारीक आवाज येऊ लागला. खुळखुळ, खुळखुळ. हैबतरावांचा कान असा की चालत्या पंपांच्या गोंगाटात त्यांना एक ढिला नट ऐकू यायचा. डावा दिवा. वरचा नट.

जगननेही मान पुढे केली. "हैबतराव, दिवा वाजतोय काय?"

"नाय," हैबतराव म्हणाले. "घट्ट हाय." आणि त्यांनी गाडी तिसऱ्या चकरेला वळवली.